आषाढातला आडोसा

जुलै उजाडला की आमच्या सोसायटीच्या जिन्यात भेटेल तो एकच प्रश्न विचारतो. "काका, या रविवारी पोरांना घेऊन कुठं जावं?" मी तीसेक वर्षं शाळेत भूगोल शिकवला, आणि निवृत्तीनंतरही मावळात भटकायची सवय काही सुटलेली नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. विचारणाऱ्याला खरं तर एखाद्या धबधब्याचं नाव हवं असतं. मी लेण्याचं नाव सांगतो. मग समोरचा चेहरा जरा पडतो. "एवढ्या पावसात लेणी? ती काय, उन्हाळ्यातही बघता येतील."

येतील ना. पण मंडळी, मावळातली लेणी ही मुळात पावसाळ्यात राहण्यासाठी खोदलेली आहेत. ज्यांनी ती खोदली, खोदून घेतली, त्यांना आपल्यापेक्षा या पावसाची ओळख फार चांगली होती. जोराच्या पावसात मावळात काय करावं, याचं उत्तर त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी दगडात लिहून ठेवलंय. ते कसं, हे सांगायचं आहे.

आधी हा पाऊस समजून घेऊ. पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरा आणि खिडकीशी बसा. शिवाजीनगरला भुरभुर असते. आकुर्डीपर्यंत छत्री उघडावी की नको असा विचार चाललेला असतो. तळेगाव मागे पडलं की काचेवरून ओघळ सुरू होतात, कामशेतला समोरचा डोंगर दिसेनासा होतो आणि लोणावळ्याला उतरणारा माणूस फलाटावरच निथळायला लागतो. अंतर किती? साठ-पासष्ट किलोमीटर. पण पुण्यात वर्षभरात साधारण सातशे-साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि लोणावळ्यात चार हजारांच्या वर. पाच-सहा पट! वर्गात मी फळ्यावर डोंगराची आकृती काढून बाण दाखवायचो. एकदा मुलांना सरळ लोकलमध्येच बसवलं आणि प्रत्येक स्टेशनला खिडकीबाहेर हात काढायला सांगितला. (गाडी थांबल्यावर, बरं का.) पुन्हा आकृती काढायची गरज पडली नाही.

कारण साधं आहे. अरबी समुद्रावरून बाष्पानं जड झालेले वारे येतात, कोकणाची सपाटी ओलांडतात आणि त्यांच्यासमोर सह्याद्रीची भिंत उभी राहते. वारा भिंतीवरून वर चढतो. वर हवेचा दाब कमी, म्हणून हवा फुगते आणि फुगताना थंड होते. थंड हवेत बाष्प तेवढं मावत नाही, ते थेंब होऊन खाली येतं. लोणावळा-खंडाळा या भिंतीच्या अगदी काठावर, सव्वासहाशे मीटर उंचीवर बसलेत. वारा पुढं पूर्वेकडे उतरू लागला की हवा पुन्हा गरम होते आणि पाऊस आटतो. पुणं त्या पर्जन्यछायेत येतं.

या काठावर ढग डोक्यावर नसतो, अंगावर असतो. त्यामुळे जुलैतल्या जोराच्या पावसात दरी बघायच्या सगळ्या जागांवर एकच देखावा दिसतो: पांढरं. लोक तीन तास गाडीत बसून तिथं पोचतात, धुक्याबरोबर फोटो काढतात आणि कणीस खाऊन परत येतात. कणीस चांगलं असतं, त्याबद्दल वाद नाही.

आता दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी हे सगळं बोलायला घेतलं. या पावसाचं पाणी जातं कुठं?

मावळातला डोंगर हा काळ्या बेसॉल्टचा. लाव्ह्याचे थर एकावर एक साचून तयार झालेला, म्हणून पायऱ्या-पायऱ्यांचा. कड्यांवर आणि उतारांवर माती वीतभर, कुठं तेवढीही नाही. जूनच्या दोन-तीन आठवड्यांत ती पाणी पिऊन तुडुंब होते. त्यानंतर पडलेला पाऊस मुरायला जागाच नसते. घरातल्या ओल्या फडक्यावर तांब्याभर पाणी ओतून बघा, सगळं खाली वाहून जातं. डोंगरही तसाच. वरच्या पठारावर मोठी सर कोसळली की ते पाणी उतारावरून, ओहोळांतून, ओढ्यात यायला काही मिनिटं पुरतात. आणि वर सर कोसळत असताना खाली तुमच्या डोक्यावर पाऊस थांबलेलाही असू शकतो. हे ध्यानात येत नाही, आणि इथंच घात होतो.

धरणातून पाणी सोडायचं असलं तर आधी सूचना निघते, भोंगा वाजतो, नदीकाठच्या लोकांना सावध करतात. डोंगरातल्या ओढ्याला भोंगा नसतो. त्याच्या खुणा असतात, त्या वाचाव्या लागतात. स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ, चहाच्या रंगाचं झालं. पाण्यावरून पाला आणि काटक्या येऊ लागल्या. आवाज बदलला, खळखळीच्या खाली एक घरघर ऐकू यायला लागली. मघाशी उघडा असलेला दगड दिसेनासा झाला. यांतली एक खूण दिसली तरी चपला सोडून काठावर यायचं. चपला नंतर घेता येतात.

"पाणी तर गुडघाभरच होतं," असं लोक म्हणतात. एक घनमीटर पाणी म्हणजे एक टन वजन. आणि वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा दुपटीनं नाही, चौपटीनं वाढतो. त्यात पायाखालचा दगड शेवाळानं साबणासारखा झालेला. धट्टाकट्टा माणूसही तिथं उभा राहू शकत नाही. एकमेकांना धरून उभं राहिलं तर एकाचा पाय सुटताच सगळ्यांचा सुटतो.

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांत लहान मुलं होती. पाणी वाढलं तेव्हा ती मंडळी प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून उभी होती. ते चित्रण देशभर पाहिलं गेलं. मी ते एकदाच पाहिलं, पुन्हा पाहू शकलो नाही. पुढच्या वर्षी १५ जून २०२५ ला, तोही रविवारच, तळेगावजवळ कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चार जणांचे जीव गेले. पुलावर माणसं आणि दुचाक्या यांची गर्दी झाली होती. खाली फुगलेली नदी बघायला लोक उभे होते.

या माणसांना बेपर्वा म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. आठवडाभर राबून एक दिवस पोराबाळांना पाण्यात खेळवावं, एवढीच त्यांची इच्छा होती. पण पावसाळी सहल म्हणजे पाण्यात उतरणं, हे समीकरण आपल्या मनात कधी पक्कं झालं, कोण जाणे. भुशीचं धरण रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं होतं. त्याच्या सांडव्याच्या पायऱ्यांवर बसून भिजणं ही पुढं रूढ झालेली रीत. या प्रदेशाची जुनी रीत वेगळी आहे.

बौद्ध भिक्खूंनी एका जागी घर करू नये, गावोगाव फिरत राहावं, असा दंडक. पण पावसाळ्याचे तीन महिने फिरणं बंद. आषाढ पौर्णिमेनंतर एका जागी राहायचं, त्याला वर्षावास म्हणतात. विनयपिटकात त्याचं कारण दिलंय ते मला फार आवडतं. पावसात हे भिक्खू हिंडतात आणि नुकतं उगवलेलं कोवळं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात, अशी लोकांची तक्रार होती. तक्रार ऐकून नियम झाला. जैन साधू आजही चातुर्मासात एका ठिकाणी राहतात. आपल्या घरात आजी चातुर्मास पाळायची, ते याच ऋतूचे महिने.

आता हा नियम आणि मावळातला पाऊस एकत्र ठेवून पाहा. तीन महिने कोरडं राहता येईल अशी जागा हवी. लाकडी झोपडी या पावसात कुजणार. म्हणून घट्ट बेसॉल्टच्या थरात खोल्या कोरल्या, झोपायला दगडी ओटे ठेवले, कातळात पाण्याची टाकी खोदली. पावसाचं पाणी टाक्यात साठवायचं आणि माणसानं आत बसायचं! कोकणातून घाटमाथ्यावर येणारा व्यापारी रस्ता इथून जवळ, त्यामुळे दान देणारेही मिळाले.

कार्ल्याच्या चैत्यगृहात एक शिलालेख आहे. क्षहरात राजा नहपान याचा जावई उषवदात यानं करजिक नावाचं गाव वळुरकच्या, म्हणजे आजच्या कार्ल्याच्या, भिक्खूंना दिलं. कशासाठी? पावसाळ्यात इथं राहतील त्यांच्या चरितार्थासाठी. ते कुठूनही आलेले असोत, तिथं भेद नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी मावळात पावसाळी मुक्कामासाठी एका अख्ख्या गावाचं उत्पन्न लावून दिलेलं होतं. पुढं सातवाहन आले, राज्य बदललं, तरी हे दान त्यांनी पुन्हा चालू ठेवलं.

तेव्हा जोराचा पाऊस असेल त्या दिवशी मी सरळ मळवलीला उतरतो. लोणावळ्याच्या आधीचं स्टेशन. एका अंगाला भाजे, दुसऱ्या अंगाला कार्ले. इंद्रायणी कार्ल्याच्या बाजूला लागते. तिला पूर असेल तर तिकडचा विचार सोडायचा आणि भाजे धरायचं. दोनेक किलोमीटर चाललं की पायऱ्या लागतात. पायऱ्यांजवळच्या धबधब्याशी रविवारी जत्रा असते. तिला वळसा घालून वर गेलं की गर्दी एकदम विरळ होते. तिकीट काढून आत जायचं.

भाज्याचं चैत्यगृह फार जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. त्याचे खांब आत कललेले आहेत. मुलं लगेच विचारतात, "हे पडतायत का?" पडत नाहीत. लाकडी घराचे खांब वरच्या छपराचा भार पेलायला तिरपे रोवत, ती सवय कारागिरांनी दगडातही चालू ठेवली. छताला कमानीसारख्या लाकडी फासळ्या आहेत त्या खऱ्या लाकडाच्या, त्याच काळातल्या. या हवेत आपल्या घरातली चिक्की दोन दिवसांत चिवट होते, आणि हे लाकूड दोन हजार वर्षं टिकलंय.

इथून थोडं पुढं गेलं की ओळीनं चौदा स्तूप लागतात, आणि त्याच्याही पलीकडे एक लहान विहार आहे, तो चुकवू नये. त्याच्या ओसरीत दोन शिल्पं आहेत. एकात घोड्यांचा रथ, दुसऱ्यात भलाथोरला हत्ती. सूर्य आणि इंद्र अशी त्यांची ओळख सांगतात, अभ्यासकांत त्यावरून मतभेद आहेत. मी मुलांना सांगतो, "नीट बघून घ्या, जुलैत मावळात दिसणारा सूर्य हा एवढाच." शेजारी एक बाई तबल्यासारखं जोडवाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय.

मग मी मुलांना बसवतो आणि पाच मिनिटं बोलायचं नाही म्हणतो. बाहेर लेण्याच्या तोंडावरून पाण्याचा पडदा पडत असतो, त्याच्यापलीकडे मावळातली भातखाचरं. दगडात पावसाचा आवाज निराळाच घुमतो. पाच मिनिटं बोलायचं नाही म्हटल्यावर आधी खिदळणं होतं. तिसऱ्या मिनिटाला खरंच कोणी बोलत नाही.

कार्ल्याचं चैत्यगृह देशातलं सगळ्यात मोठं कोरीव चैत्यगृह. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं ते पुरं केलं आणि असं उत्तम शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात नाही, असं कोरूनही ठेवलं. बढाई खरी, पण आत उभं राहिल्यावर माणूस ती माफ करतो. स्तूपावर मूळची लाकडी छत्री अजून आहे. पावसाळ्यात एकवीरेच्या दर्शनाला आलेले पुष्कळ लोक देवळापर्यंतच येऊन परततात. चैत्यगृह दहा पावलांवर असतं. बेडशाची लेणी कामशेतच्या बाजूनं, पवना धरणाच्या वाटेवर. तिथं पायऱ्या जास्त आणि माणसं कमी. खांबांवरचे हत्ती-घोड्यांवरचे स्वार पाहण्यासारखे.

लोहगड, विसापूर भाज्याच्या डोक्यावरच आहेत. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसायादीत गेला. तो बघावाच, पण उघडीप असेल त्या दिवशी. विसापूरच्या ज्या पायऱ्या चढायच्या त्याच पायऱ्यांवरून पावसात पाणी उतरतं, आणि त्या वेळी वाट पाण्याची असते, तुमची नाही. दरडीचंही भान हवं. जुलै १९८९ मध्ये याच भाजे गावावर दरड कोसळली होती आणि माणसं दगावली होती. हवामान खात्यानं घाटमाथ्याला लाल इशारा दिला असेल त्या दिवशी लेणीसुद्धा नकोत, घरीच भजी तळावीत. जिल्हा प्रशासनाची बंदी असेल तर ती पाळावी. "आपण लवकर जाऊन येऊ" ही पळवाट काढू नये.

पाऊस जरा धरला, म्हणजे कमी झाला, की मुलांना भातलावणी दाखवतो. या दिवसांत खाचरांत चिखलणी चाललेली असते. रोपांच्या मुठी बांधून ठेवलेल्या असतात आणि बायामाणसं ओळीनं, मागं सरकत, लावत जातात. पूर्वी डोक्यावर इरलं असायचं, आता बहुतेक प्लॅस्टिकचा कागद. बांधावरून चालायचं तर आधी विचारावं. बांध मऊ झालेला असतो, दहा शहरी बूट त्यावरून गेले की फुटतो, आणि खाचरातलं पाणी निघून जातं. मला एकदा एका आजींनी हटकलं होतं, "मास्तर, पोरांना वळवा की रस्त्यानं." वळवली. विनयपिटकातली तक्रार हीच होती.

खाचरांत लावलेला भात बहुधा इंद्रायणी असतो. हे वाण इथंच, वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात, आंबेमोहोरापासून तयार झालं. ज्या नदीचं नाव त्याला दिलंय ती लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावते, मावळ भिजवत देहू-आळंदीला जाते. परतताना रस्त्याकडेला टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन बसलेल्या बाया दिसतात. भाव न करता जुडी घ्यावी.

आता ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत त्यांचं काय? आमच्या शेजारच्या आजी ऐंशी ओलांडलेल्या. त्यांनी मला गेल्या वर्षी विचारलं, "माझ्यासाठी काही आहे का तुमच्या भूगोलात?" आहे. पुण्याहून मुंबईकडे जाणारी दिवसाची गाडी, आरक्षण करून, कर्जतपर्यंत. लोणावळा सोडलं की बोरघाट सुरू होतो. हा रेल्वेमार्ग १८६३ साली खुला झाला. तो बांधताना हजारो मजूर राबले, कितीतरी तिथंच गेले. चढ सदतीस फुटांत एक फूट. एकामागून एक बोगदे, आणि दोन बोगद्यांच्या मधे क्षणभर हिरवी दरी, कड्यावरून पडणारं पाणी, काही धबधबे तर रुळांच्या इतके जवळ की शिंतोडे आत येतात. कर्जतला उतरून वडा खायचा, फलाटाच्या छपराखाली बसायचं आणि पुण्याकडची गाडी धरायची. येताना चढण असते, म्हणून कर्जतला गाडीच्या मागून जादा इंजिनं लावतात. मुलं बरोबर असली तर त्यांना ते जोडताना दाखवावं.

दरडीमुळे घाटात गाड्या कधी कधी थांबतात, म्हणून सकाळी निघण्यापूर्वी चौकशी करावी. पाण्याची बाटली, थोडं खायला, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरडे मोजे. लोकलनं मळवलीला जाणाऱ्यांनी परतीची वेळ आधी पाहून ठेवावी. दुपारी गाड्या कमी असतात. आणि जमलं तर रविवार सोडून बुधवार-गुरुवार गाठावा. आजी बुधवारी गेल्या होत्या, त्यांना खिडकी मिळाली.